दोन विजय आणि एक 'बाकी'

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या धर्माबादेत अडतीच्या दुकानांतून अजूनही वहीपूजन होते. हिशेब संगणकावर गेले, तरी लाल कापडाच्या बांधणीची एक वही आणून तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढल्याशिवाय मिरचीच्या व्यापाऱ्याला नवे वर्ष लागल्यासारखे वाटत नाही. माझे वडील इथल्या एका अडतीत मुनीम होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अशा बऱ्याच लाल वह्या निघाल्या. त्यांतल्या एकीत मात्र ना मिरचीची पोती होती, ना कुणाची उधारी. डाव्या पानावर दादांच्या अक्षरात मथळा होता, 'मर्चंट'. उजव्या पानावर वेगळ्या हाताने, उर्दूत काहीतरी लिहिलेले होते. खाली आकडेच आकडे.

उजव्या पानावरचे अक्षर तारबाबूंचे, हे मला लगेच कळले, कारण त्यांच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. तारबाबू म्हणजे धर्माबाद स्टेशनावर निजामाच्या रेल्वेत तारेचे काम पाहणारे गृहस्थ. राहणारे मूळचे निजामाबादचे, शिक्षण उर्दूत, आणि क्रिकेटचे वेड दादांइतकेच. १९४३ साली दादा अडतीत नुकतेच उमेदवारीला लागले होते. मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून मुंबईचे वर्तमानपत्र शिळे होऊन यायचे. ते आधी तारबाबूंच्या हाती पडायचे, मग दादांच्या. मुंबईत सामना संपून गेलेला असे, पण धर्माबादच्या फलाटावर तो आणखी दोन-तीन दिवस चालू राही. या फलाटावरच्या सामन्यात एकच प्रश्न होता : यंदाच्या हंगामाचा खरा मानकरी कोण? विजय मर्चंट की विजय हजारे?

हा वाद आमच्या गावाचा नव्हताच. तो तेव्हा मुंबईपासून हैदराबादपर्यंत जिथे जिथे क्रिकेटचे वर्तमानपत्र पोहोचत होते, तिथे तिथे चालला होता. त्यावर पुढे पुष्कळ लिहिलेही गेले. पण दादांची वही हाती आल्यावर मला वाटले, या वादाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. वहीच्या उजव्या पानासाठी मी गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे एकेक नोंद वाचून दाखवली. त्या वाचनात एक शब्द असा आला, की सगळ्या वादाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तो शब्द योग्य जागी सांगतो. आधी खेळाची पार्श्वभूमी.

मुंबईच्या क्रिकेटची मोठी स्पर्धा धर्माच्या नावाने उभी राहिली होती. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये पाचवा संघ घेतला गेला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. या पाचव्या संघाचे नाव 'द रेस्ट'. म्हणजे इतर, उरलेले. जे हिंदू नाहीत, मुस्लिम नाहीत, पारशी नाहीत, युरोपियन नाहीत, ते सगळे यात : भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे. चार संघांना स्वतःचे नाव होते. पाचव्याचे नाव केवळ तो काय नाही, यावरून पडले होते.

या स्पर्धेत गुणांचा हिशेब निखळ गुणांवर कधीच झाला नाही, याला जुना दाखला आहे. पुण्यात क्रिकेट शिकलेले पळवणकर बाळू हे त्या काळातले आपल्याकडचे सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण ते चांभार समाजात जन्मले होते, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ मध्ये मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. 'या जागेला लायक कोण' हा प्रश्न मैदानावर विचारला जायचा, पण उत्तराची फूटपट्टी मैदानाबाहेरून यायची.

१९४० पर्यंत देशाचे वातावरण असे तापले होते, की धर्मावार संघांचे क्रिकेट अनेकांना सलू लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटली. देश दुःखात असताना हा उत्सव नको आणि खेळात धर्माचे गट नकोत, असे मत गांधीजींनी दिले. हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. १९४२ मध्ये, 'चले जाव'च्या वर्षी, स्पर्धा झालीच नाही. म्हणून १९४३ च्या हिवाळ्यात ती पुन्हा भरली, तेव्हा तिच्याभोवती दोन्ही गोष्टी होत्या : थांबून राहिलेली भूक आणि टोचणारी शंका. बाहेर महायुद्ध चालू होते, बंगालात दुष्काळाने माणसे मरत होती, आणि चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर प्रेक्षकांची रीघ लागली होती.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. क्रिकेट संस्थानाला नवे नव्हते. मोईन-उद-दौला चषकाचे सामने १९३० पासून होत होते, आणि १९३७-३८ चा रणजी करंडक हैदराबादने अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून जिंकला होता. पण पंचरंगीचे आकर्षण वेगळे होते. कारभाराची भाषा उर्दू, घरची मराठी, बाजारात तेलुगू, अशा आमच्या गावात मुंबईचा 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' सामना वर्तमानपत्रातून उतरला, की माणसे आपापल्या बाजूला जाऊन बसतील अशीच अपेक्षा कुणीही करील. दादा आणि तारबाबू तसे बसले नाहीत. दादा मर्चंटचे. तारबाबू मुस्लिम संघाचे नव्हे, तर त्या संघाला झोडपून काढणाऱ्या हजारेंचे.

आता ते दोघे विजय. विजय मर्चंट १९११ चे, मुंबईच्या गिरणीमालक घराण्यातले. आडनाव खरे ठाकरसी. शाळेत वडिलांचा धंदा विचारला गेला, 'मर्चंट' हे उत्तर आडनावाच्या रकान्यात गेले आणि तेच चिकटले, अशी कथा सांगतात. व्यापाऱ्यांच्या गावातल्या मुनिमाला हे नाव जवळचे वाटले, यात नवल नाही. त्यांची फलंदाजीही नीटनेटक्या चोपडीसारखी : तंत्र चोख, चूक नाही, घाई नाही. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१ च्या पुढे राहिली. जगात या बाबतीत त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमनचे नाव घेतले जाई.

विजय हजारे १९१५ चे, सांगलीचे, मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. वडील शिक्षक, घरात आठ भावंडे. बॅट धरण्याची त्यांची पद्धत पाठ्यपुस्तकात बसणारी नव्हती. ऑस्ट्रेलियाचा मोठा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि ग्रिमेटनी ती पद्धत मोडू दिली नाही. अबोल माणूस. संस्थानिकांच्या आश्रयाने खेळणारे, पुढे बडोद्याच्या नोकरीत स्थिरावलेले. १९३९-४० मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. शिवाय ते गोलंदाजही होते. प्रथम श्रेणीतले त्यांचे बळी ५९५ भरतात. या बळींवरून वहीच्या समासात दादांच्या अक्षरात एक तक्रार आहे : 'गोलंदाजी धरायची नाही असे ठरले होते.'

आता १९४३-४४ चा हंगाम. हजारेंनी पंचरंगीत मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामना हिंदू विरुद्ध रेस्ट. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. हजारेंच्या २४८ पेक्षा बरोबर दोन जास्त. दादांनी या २५० भोवती लाल शाईने चौकट आखली आहे.

मग रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. त्यात हजारे ५९. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात रेस्टच्या एकूण धावा ३८७, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. इतर सर्व फलंदाज आणि अवांतर मिळून ७८. तरी रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

या सामन्याचा हिशेब मी मुनिमाच्या मुलासारखा करून पाहिला. मर्चंटच्या २५० धावा संघाच्या ५८१ पैकी, म्हणजे शेकडा ४३. हजारेंच्या ३०९ धावा ३८७ पैकी, म्हणजे शेकडा ८० च्या आसपास. दोन्ही डाव मिळून रेस्टच्या ५२० धावा झाल्या. त्यांत हजारेंच्या ३६८, म्हणजे शेकडा ७१. एकाच सामन्यातल्या पराभूत संघाचा इतका मोठा भार एका माणसाने उचलल्याची उदाहरणे क्रिकेटच्या इतिहासात थोडीच सापडतील.

तरी हंगाम संपला नव्हता. रणजी करंडकात मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ७३५ धावांचा डोंगर रचला, आणि त्यात मर्चंट नाबाद ३५९. रुसी मोदींबरोबर सहाव्या गड्यासाठी ३७१ धावांची भागी. हजारेंच्या ३०९ ला हे उत्तर होते, आणि त्यांच्या नाबाद ३१६ च्या जुन्या विक्रमालाही. दुसरीकडे हजारेंनी त्या एका हंगामात हजाराहून अधिक धावा जमवल्या. भारतात हे आधी कुणाला जमले नव्हते. म्हणजे एकाने दुसऱ्याला मागे टाकावे, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याला, असा हा हंगाम. तेव्हा सामनावीर नव्हता, मालिकावीर नव्हता, मतदान नव्हते. निकाल द्यायचा तो फलाटावर, पानाच्या टपरीवर, अडतीच्या गादीवर.

दादांचा मुद्दा सरळ होता. तो त्यांनी मला शेकडो वेळा ऐकवला आहे. "माल किती पिकला ते शेतकऱ्यानं सांगावं. मुनिमाला कळतं ते पदरात काय पडलं. मर्चंटचे अडीचशे जिंकण्याच्या कामी आले. हजारेंच्या तीनशे नवानं काय फरक पडला? ते नसते तरी रेस्ट हरणार, होते तरी हरले." त्यांचा दुसरा मुद्दा असा, की मोठ्या संघात खेळणे सोपे नसते. तिथे प्रत्येक जण चांगला असतो, तरी शेवटपर्यंत नाबाद राहणारा एकच असतो.

तारबाबूंचे म्हणणे दादाच त्यांच्या आवाजात सांगत. "मुनीमजी, सुकाळात शंभर पोती काढणारा मोठा, की दुष्काळात गावाला जगवणारा? बाजूचे सगळे शेत करपून गेलेले, आणि एका वाफ्यात मिरची लालजर्द. त्या वाफ्याची किंमत तुमच्या काट्यावर कशी होणार?" मग दादा म्हणत, गाव जगलं कुठं, हरलंच की. आणि तारबाबू म्हणत, दुसऱ्या दिवसापर्यंत जगलं, तेच पुष्कळ.

हा वाद आमच्याच मातीतला आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. पुढे वाचनात आले, की तोच वाद अमेरिकेत दरवर्षी नियमाने रंगतो. तिथे व्यावसायिक खेळांत हंगामाच्या शेवटी मतदानाने 'सर्वांत मोलाचा खेळाडू' ठरवतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये (तो आपण पायाने खेळतो तो नव्हे) हा मान बहुतेक वेळा क्वार्टरबॅकला मिळतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन प्रत्येक चालीला सुरुवात करून देणारा खेळाडू. २००३ च्या हंगामात पेटन मॅनिंग आणि स्टीव्ह मॅकनेअर या दोन क्वार्टरबॅकना सारखी मते पडली आणि मान विभागून द्यावा लागला. तारबाबूंना आवडेल असा दाखला मात्र त्यांच्या बेसबॉलमध्ये आहे. १९८७ मध्ये शिकागो कब्ज हा संघ आपल्या गटात तळाशी राहिला, आणि त्याच संघाच्या आंद्रे डॉसनला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवले गेले. त्यावर तिथे अजून वाद होतो. 'मोल' म्हणजे उत्तम खेळ की संघाला झालेला लाभ, हे मतदान करणाऱ्यांना कुणी नेमके सांगितलेले नसते. प्रत्येक जण आपापला काटा घेऊन बसतो.

या मोलाच्या प्रश्नात एक तिसरा माणूस आहे, आणि वहीत त्याची नोंद दोन्ही पानांवर नाही. हजारेंच्या त्या ३०९ धावांच्या डावात सर्वांत मोठी भागी ३०० धावांची झाली. समोरचा फलंदाज होता त्यांचा भाऊ विवेक हजारे. त्या ३०० मध्ये विवेकचा वाटा किती? २१. धावफलकावर २१ हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण भागीतल्या दुसऱ्या माणसाने विकेट टाकली असती, तर ३०९ झाले नसते. दादांच्या काट्याने तोलले तर विवेकच्या २१ धावांना किंमत शून्य, कारण संघ हरला. तारबाबूंच्या काट्याने तोलले तर ती किंमत कुठल्याही रकान्यात मांडता येत नाही. दोघेही एकेका नावासाठी भांडत होते, आणि डाव उभा होता तो दोन भावांवर.

आता तो शब्द. उर्दू शिक्षक उजवे पान वाचत होते. 'मुस्लिम संघाविरुद्ध २४८' वाचून झाले. पुढच्या नोंदीवर ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "इथं संघाचं नाव 'बाक़ी' लिहिलंय. म्हणजे हिशेबातली बाकी का?" मी म्हणालो, नाही सर, ही 'द रेस्ट'. तारबाबूंनी इंग्रजी नावाचे सरळ उर्दू केले होते. बाक़ी. उरलेले.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत असा मुरला, की मुनिमाचे त्याच्यावाचून पान हलत नाही. जमा, नावे, बाकी. दादांच्या प्रत्येक वहीत तो असायचा. पण मर्चंटच्या पानावर त्यांनी हा संघ 'रेस्ट' असाच लिहिलेला आहे. त्यांना त्याचा अर्थ कधी लावावासा वाटला नाही, किंवा लावावा लागला नाही. तारबाबूंनी लावला. मग मला त्यांची निवड समजली. पाच संघांत ज्याला नावच दिले गेले नाही, त्या संघाचा माणूस त्यांनी स्वतःसाठी निवडला होता. 'बाकी'तला एक जण उभा राहतो आणि बाकीच्यांचे सगळे ओझे घेतो, हे त्यांना दिसत होते. आणि हा निर्णय, पंचरंगीच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या रकान्यात बसायला हवा होता अशा माणसाने घेतला होता.

मला असे वाटते, की हा वाद इतका पेटला तो आकड्यांमुळे नव्हे, रकान्यांमुळे. पंचरंगीत रकाने धर्माचे होते. रणजी करंडकात ते प्रांताचे झाले, तेव्हा वादाचे अंगही बदलले. मर्चंटचे नाबाद ३५९ महाराष्ट्राविरुद्ध होते, आणि सांगलीचे हजारे तोवर बडोद्याकडे गेलेले. त्यामुळे मराठी अभिमान कुठे ठेवायचा, हेही सोपे राहिले नाही. खेळाडू तेच, धावा त्याच. पण वर कोणता मथळा लिहिला आहे, त्यावर टाळ्या ठरत होत्या. गांधीजींचा आक्षेप धावांना नव्हता, मथळ्यांना होता. जानेवारी १९४६ नंतर पंचरंगी सामने बंद झाले.

वही मात्र चालू राहिली. दादांच्या पानावर १९४६ चा इंग्लंड दौरा आहे : मर्चंटच्या २३८५ धावा, सरासरी ७४.५३. तारबाबूंच्या पानावर मार्च १९४७ ची नोंद आहे. रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांची चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी. गुल महंमद ३१९, हजारे २८८. तारबाबूंनी दोन्ही नावे सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. या नोंदीनंतर पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले.

त्यानंतर जानेवारी १९४८. ॲडलेडच्या कसोटीत, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर, हजारेंनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्यात १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत तो सामनाही हरला. इथेही माणूस एकटा उभा, संघ कोसळलेला. नोंद तारबाबूंच्या हातची आहे, नेहमीपेक्षा घाईची. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या शेजारच्या उमरीत मुक्तिलढ्याच्या कार्यकर्त्यांनी बँक लुटली, आणि त्याच सुमारास दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. संस्थानात रझाकारांचे दिवस होते. रात्री गावात दिवे लवकर विझत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले. त्या उलथापालथीत तारबाबू कुटुंबासह गाव सोडून सिकंदराबादला गेले. कोणत्या भीतीने, कुणाच्या सांगण्यावरून, हे दादा कधीच बोलले नाहीत. तेव्हा तुम्ही त्यांना थांबवले का, असे मी एकदा विचारले. दादा उठून आत गेले. त्यानंतर मी विचारले नाही. ॲडलेडनंतर उजवे पान कोरे आहे.

डाव्या पानावर मात्र आणखी एक नोंद आहे. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध कसोटी. मर्चंट १५४. कसोटीतली ती भारतीयाची तोवरची सर्वोच्च धावसंख्या. पण तो मान त्यांच्याकडे काही तासच राहिला, कारण त्याच डावात कर्णधार हजारे नाबाद १६४ वर गेले. १९४३ मध्ये झाले तेच पुन्हा झाले. फरक एवढाच, की आता दोघे समोरासमोर नव्हते. एकाच संघात होते, एकाच खेळपट्टीच्या दोन टोकांना, आणि दोघांनी मिळून तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा जोडल्या. क्षेत्ररक्षण करताना मर्चंटचा खांदा दुखावला आणि ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तीन महिन्यांनी मद्रासला हजारेंच्या नेतृत्वाखाली भारताने आपली पहिली कसोटी जिंकली.

ही दिल्लीची नोंद दादांनी कशी केली आहे, ते पाहून मी बराच वेळ बसून राहिलो. १५४ हा आकडा डाव्या पानावर आहे. १६४ त्यांनी उजव्या पानावर लिहायला हवा होता. ते पान तारबाबूंचे होते. दादांना उर्दू येत होते, ते लिहू शकले असते. पण त्यांनी दुसऱ्याच्या पानाला हात लावला नाही. १६४ त्यांनी डाव्या पानावरच, १५४ च्या शेजारी लिहिला आणि दोहोंखाली एकच रेघ मारली. बेरीज मांडली नाही.

वर्षानुवर्षे मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस बेरीज न मांडता उठू शकत नाही, म्हणून माझा निकाल देतो. १९४३-४४ च्या हंगामाचा मान मी हजारेंना देईन. मर्चंट त्या हंगामात कुठेही कमी पडले नाहीत. नाबाद २५० आणि नाबाद ३५९ करणाऱ्याला कमी म्हणायची माझी छाती नाही. पण मर्चंट नसते तरी हिंदू संघ आणि मुंबई उभे राहिले असते, थोडे बुटके इतकेच. हजारे नसते तर रेस्ट नावाचा संघ त्या सामन्यात दिसलाच नसता. दादा विचारत, त्याने फरक काय पडला. फरक असा पडला, की ज्याला कुणी नाव दिले नव्हते त्या संघाचे नाव ऐंशी वर्षांनंतर आपण घेतो आहोत. पदरात काय पडले ते मोजताना इतका उशिरा येणारा ऐवजही जमेस धरावा लागतो. आणि हा मान देताना सोबत २१ धावांचा विवेकही धरावा, असे माझे म्हणणे आहे.

क्रिकेट मंडळाने आपल्या परीने दोघांची सोय लावली. हजारेंच्या नावाने आज देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांचा करंडक आहे, मर्चंटच्या नावाने सोळा वर्षांखालील मुलांचा. आमच्या तालुक्यातला एखादा मुलगा उद्या कुठल्यातरी संघात निवडला जाईल आणि या दोनांपैकी एका नावाखाली खेळेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून काढून आदिलाबादला जोडला गेला आणि आम्ही या राज्याच्या अगदी काठावर उरलो. बाकी म्हणजे काय, ते त्या मुलाला वेगळे शिकवावे लागणार नाही.

या दिवाळीत नव्या वहीबरोबर ही जुनी वहीही पाटावर ठेवायचा विचार आहे. कुंकू लावताना मुलाने विचारले, की पहिले पान कोणते, डावे की उजवे? यावरही दोघांचे भांडण झाले होते. दादा म्हणत, वहीत जमा डावीकडे, म्हणून मर्चंट पहिला. तारबाबू म्हणत, उर्दू किताब उजवीकडून उघडते, म्हणून हजारे पहिला. मी मुलाला म्हणालो, मधोमध उघड आणि दोन्ही पानांना लाव.